कोणता परवा?

हैदराबादेत माझे पाय टेकले ते आमच्या घरमालकांमुळं. हे सगळ्यात आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना माझा धीर सुटला तरी एवढं तरी कागदावर राहील. त्यांचं नाव मात्र लिहिणार नाही. ते एकदा माझ्या नावाच्या जागी पोलीस ठाण्यात लिहिलं गेलंय, तेवढं पुरे झालं. गल्ली त्यांना ‘वायरलेस साब’ म्हणायची. मी काका म्हणायचे. ते मला ‘नववी’ म्हणायचे, कारण माझी शाळा नववीतच सुटली हे मी पहिल्याच दिवशी, कोणी विचारलं नसताना, भीतीपोटी सांगून बसले होते.

“नववी पास का नापास?”

“परीक्षेलाच बसले नाही. आई आजारी होती.”

“मग पास पण नाही, नापास पण नाही. बरं हाय. आता परत बोल, माझ्या घरात काय काय करायचं नाही?”

मी घोकल्यासारखं सांगितलं: मोरीत पेज ओतायची नाही, गच्चीचं दार आपटायचं नाही, आणि त्यांनी हाक मारली की लांबून ‘काऽय?’ म्हणून ओरडायचं नाही, जवळ जाऊन ऐकायचं. तिन्ही बरोबर आली तेव्हा किल्ली हातात पडली.

माझं गाव गडहिंग्लजच्या बाजूला. लग्न मोडलं, माहेरी जागा उरली नाही, आणि काचिगुड्याच्या एका मराठी खानावळीत पोळ्यांना बाई हवी आहे असं कळल्यावर मी एकटीच इकडं आले. वर्षभरात ती खानावळ बंद पडली. बरकतपुऱ्यात काकांच्या घराची मागची खोली मिळाली आणि मी स्वतःचे डबे सुरू केले. गिऱ्हाईक सगळं पुण्या-मुंबईकडून कंप्युटरच्या नोकऱ्यांना आलेलं. दारात येऊन ‘उद्या भाजी काय?’ असं विचारणारी ती माणसं नव्हेत. त्यांना फोन लागतो. माझ्याकडं फोन होता, पण नंबर नवऱ्याच्या नावावरचा, आणि तो त्यानं बंद करून टाकलेला.

म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात नवं सिम घ्यायला गेले. अंगठा लावा म्हणाले. लावला. लाल दिवा. पुसून लावला, पदरानं घासून लावला, डावा लावला. लालच. दुकानदार म्हणाला, “काम के हाथ हैं आपा, मशीन नहीं पकडती.” इतकी वर्षं तव्यावरच्या पोळ्या उलटून माझ्या बोटांवरच्या रेघा गेल्यात, हे मला त्या दिवशी कळलं. मी मीच आहे हे सांगायला माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. मी रडवेली घरी आले, काकांनी ऐकलं, चपला घातल्या आणि मला घेऊन परत दुकानात.

“ही बाई तेरे सामने खडी है. दिसत नाही का तेरेकू?”

“मेरेकू दिखती साब. सिस्टम कू नहीं दिखती.”

काका अंगठ्याच्या त्या डबीकडं बघत राहिले. मग त्यांनी स्वतःचा अंगठा पुढं केला. “घे. माझा घे.” हिरवा दिवा लागला. माझा नंबर त्यांच्या नावावर झाला. घरी येताना म्हणाले, “आता तू जे बोलशील ते मी बोललो असं होणार. मालूम हाय ना? परत बोल.”

“मी जे बोलेन ते तुम्ही बोललात असं होणार.”

“हौ.”

मी हसून म्हटलं होतं ते.

काका मूळचे इथलेच. पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादी मराठी, त्यामुळं त्यांच्या मराठीत ‘कायकू’, ‘हल्लू’, ‘हौ’ अशी सगळी खडी मिसळलेली. ‘नक्को’ हा शब्द आपल्या मराठीनं हैदराबादला दिला, याचा त्यांना आपण स्वतः नेऊन दिल्यासारखा अभिमान. तरुणपणी सैन्यात वायरलेसवर होते. कानाला डबे लावून ऐकायचं आणि लिहायचं, एवढंच काम. तिथला एक नियम त्यांनी नोकरी सुटल्यावरही सोडला नाही. निरोप ऐकणाऱ्यानं तो ऐकल्याबरोबर परत म्हणून दाखवायचा. सांगणाऱ्यानं ‘बरोबर’ म्हटलं की मगच पुढचं पाऊल.

हा नियम त्यांनी दूधवाल्याला लावला, गॅसवाल्याला लावला, नळ दुरुस्तीवाल्याला लावला. बेगम बाजारातल्या किराणावाल्याला फोन करायचे ते आपल्या बटणांच्या फोनवरून, आणि त्यानं यादी परत म्हटल्याशिवाय ठेवायचे नाहीत. तो किराणावाला पण एक बिलंदर होता. एकदा म्हणाला, “दो किलो धनिया, आधा किलो जीरा, पाव किलो खसखस, और एक पागल बुढ्ढा.”

“बरोबर,” काका म्हणाले. “पण खसखस नाही बोललो मी. खसखस कमी कर. बुढ्ढा राहू दे.”

माझ्याशी मात्र ते इतके खेळकर नसायचे. डबे भरायची सकाळची घाई, दोन्ही शेगड्या पेटलेल्या, आणि हे दारात उभे राहून सांगणार, टाकीचं पाणी आज अकराला जाईल. मी “हो हो” म्हणायची. “हो हो नक्को. परत बोल.” पीठभरल्या हातांनी मी परत म्हणायची. गिऱ्हाइकांसमोर सुद्धा. एकदा डबा न्यायला आलेला एक जण हसला तर मला इतकी लाज वाटली की मी चिडून म्हटलं, “काका, मी काय शाळेत आहे?”

“शाळेत असतीस तर मला एवढा त्रास नसता.”

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच मला गच्चीवर बोलावून लढाईची गोष्ट सांगितली. लढाईची म्हणजे आकड्याची.

पलीकडून एक नकाशावरचा आकडा आला. चार, सात. तिथं तोफा डागायच्या होत्या. काकांनी ऐकलं चार-सात, डोक्यात मराठी चालू, डोकं म्हणालं सत्तेचाळीस. आणि सत्तेचाळीस म्हणताना आपण सात आधी उच्चारतो, तसा हातानं सात आधी लिहिला. चौऱ्याहत्तर. मग नियमाप्रमाणं त्यांनी परत म्हटलं, सात, चार. पलीकडचा माणूस आईवरून शिवी देऊन ओरडला, चार सात!

“चौऱ्याहत्तरला काय होतं, माहीत हाय? आमच्याच पोरांचा लंगर होता. दुपारची रोटी चालू होती. मी नुसतं ‘हो हो’ बोललो असतो तर?”

मी मनात चार-सात, सात-चार असं म्हणून बघितलं.

“परत बोलायला आठ सेकंद लागतात, नववी. फार नाही.”

त्यांची सगळी मतं याच एका खिळ्याला टांगलेली होती. टीव्हीवर कुठल्या तरी देशातली लढाई दाखवायचे, वरून घेतलेलं चित्र, मधोमध चौकोन, चौकोनात मुंगीएवढी माणसं, मग धूर. काका पडद्याजवळ जाऊन उभे राहायचे. “बघ, वरच्याला चित्र दिसतं, आवाज येत नाही. आवाज आला असता तर कळलं असतं, ते रोटी मागतायत का बंदूक. हा कोणाला विचारतोय? मशिनीला. ती काय परत बोलणार?” निवडणुकीत त्यांना पुढाऱ्याच्या आवाजात फोन यायचा, नावानिशी, पुढं तेलुगूतलं आदराचं ‘गारू’ लावून. काका मन लावून ऐकायचे आणि म्हणायचे, “मला पाणी एक दिवसाआड येतं. मी काय बोललो ते परत बोला.” आवाज आपला पुढं रस्त्यांबद्दल बोलत राहायचा. “आधी पुढारी दारावर यायचे. खोटं बोलायचे, पण शिव्या खाऊन जायचे. आता आवाजच येतो. शिवी द्यावी कोणाला?”

मी कधीकधी भांडायची. “काका, तुमच्या वायरलेसवर मला डब्याची ऑर्डर आली असती का? दर रविवारी आईचं तोंड दिसलं असतं का?” यावर ते मिशीतल्या मिशीत म्हणायचे, “हे खरं हाय. परत बोल.” आणि मी परत म्हणायची, तेव्हा त्यांना ते आवडायचं असं मला वाटतं. त्यांच्याशी भांडणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. बायको वारलेली, मुलगा पुण्याला.

आता ते लिहायला हवं.

त्या आठवड्यात सीमेवर ड्रोन उडत होते. सीमा इथून कितीतरी लांब, पण टीव्हीवर दिवसभर भोंगा वाजायचा, फोनवर दर मिनिटाला कोणीतरी काहीतरी पाठवायचं. हे विमान पाडलं, ते शहर उडालं, आता दक्षिणेचा नंबर. मी एकटी बाई, परक्या मुलखात, मला सगळंच खरं वाटायचं. डब्यांच्या ग्रुपवर माझं गिऱ्हाईक पण तेच पाठवायचं, आणि ती शिकलेली माणसं होती. शिकलेले घाबरलेत म्हणजे आपण घाबरलंच पाहिजे, असा माझा हिशेब.

समोरच्या इमारतीत गच्चीवरच्या खोलीत वाजिदभाई राहायचे. लग्नांचे व्हिडिओ करायचे. भला माणूस. माझ्या डब्यांचा एक छोटा व्हिडिओ त्यांनी आपण होऊन काढून दिला होता. “आपा, लाइट अच्छी है, जरा एक रोटी पलटाओ,” म्हणून. तो बघून मला नवे डबे मिळाले होते. हे मला माहीत होतं. विसरले नव्हते. तरी.

त्या सकाळी ते खाली चहाच्या टपरीवर कोणाला तरी सांगत होते. मी कोथिंबीर घेऊन चालले होते, कानावर पडलं: “परसों गया ना मैं, बॉर्डर पे. ड्रोन लेकेच गया था.” आणि पुढं हसले.

परसों. म्हणजे परवा. मी चालता चालता बोटं मोजली. परवा तर पहिला हल्ला झाला.

दुपारी पापड वाळत घालायला गच्चीवर गेले तर समोर वाजिदभाई, आणि त्यांच्या डोक्यावर घों घों करत ते यंत्र. मी फोटो काढला. डब्यांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: ‘आमच्या समोर राहणारा वाजिद. परवा ड्रोन घेऊन बॉर्डरवर जाऊन आलाय, स्वतःच्या तोंडानं सांगत होता. आता इथं उडवतोय. सगळ्यांनी सावध राहा.’

आपण फोनवरचं काही पुसायला गेलो तर फोन विचारतो, नक्की पुसायचं ना? पाठवताना विचारत नाही.

तासाभरात माझाच फोटो दुसऱ्या ग्रुपवरून माझ्याकडं परत आला. हिंदीत. ‘परवा’चं ‘४८ घंटे पहले’ झालं होतं, खाली तांबडी पट्टी, वर भोंग्याचा आवाज. नाव मोठ्या अक्षरांत, शेजारी आमच्या गल्लीचा पत्ता. ते नाव वाचून प्रत्येकानं उरलेलं स्वतःच भरून घेतलं होतं, पाठवणाऱ्याला फारसं काही लिहावं लागलं नव्हतं. मी फोन घेऊन काकांकडं धावले. मला वाटलं ते म्हणतील, बरं केलंस.

“तो काय बोलला? त्याचेच शब्द बोल.”

“परसों गया ना मैं, बॉर्डर पे.”

काका माझ्याकडं बघत राहिले. मग बसले. “अगं, हैदराबादचा परसों हाय तो. हैदराबादी माणूस परसों बोलला म्हणजे मागं कधी पण. मागचा महिना, मागचं साल. माझं लगीन परसों झालं. चारमिनार पण परसोंच बांधला इथं. तू त्याला विचारलंस का, कोणता परसों?”

“नाही.”

“परत बोलायला सांगितलंस?”

“नाही.”

ते काठी न घेताच उठले. रस्ता ओलांडेपर्यंत समोरच्या जिन्यावर माणसं चढली होती. आमच्या गल्लीतली थोडी, बाकी अनोळखी, हातात फोन धरून वर जाणारी. काका खालून ओरडत होते, “ठैरो! मेरी बात सुनो! परसों बोले तो...” त्या गोंगाटात एका म्हाताऱ्याचं व्याकरण कोण ऐकणार? यंत्र गच्चीवरून खाली आलं, मग कॅमेरा. मग वाजिदभाईंना खाली आणलं तेव्हा त्यांचा उजवा हात मनगटापासून भलतीकडं वळला होता. पोलीस त्यांनाच घेऊन गेले. तीन दिवस ठेवून सोडलं. ते सीमेकडं गेले होते दोन वर्षांपूर्वी, राजस्थानातल्या एका लग्नाचा व्हिडिओ काढायला. त्या दुपारी यंत्र उडवत होते ते पुढच्या आठवड्यात लग्न होतं म्हणून, चालतंय का ते बघायला.

ते अजून आत असतानाच अफवा कोणी सोडली ते शोधणं सुरू झालं. भर दुपारी दोघं पोलीस काकांच्या दारात आले. मी मागच्या दारातून बघत होते, कोपरापर्यंत कणीक.

“ये नंबर तुम्हारा?” एकानं नंबर वाचला.

काका म्हणाले, “रुको. दोहराता मैं.” आणि त्यांनी माझा नंबर एकेक आकडा सुटा करून परत म्हटला. एकही चुकला नाही. मग म्हणाले, “हौ. मेराच है.”

मी पुढं झाले. तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडं न बघता मराठीत सांगितलं, “नववी, तुझी पोळी करपतेय. आत जा.”

तव्यावर पोळी नव्हती. मी आत गेले.

हेच मला लिहायचं होतं आणि हेच लिहवत नव्हतं. कोणी ढकललं नाही, कोणी दार लावलं नाही. मी माझ्या पायांनी आत गेले आणि रिकाम्या तव्यापुढं उभी राहिले. माझ्या डोक्यात एकच चालू होतं: मला नेलं तर खोली जाईल, डबे जातील, गावी तोंड दाखवायला जागा नाही, मी जाऊ कुठं?

तासाभरानं डबा भरून ठाण्यात गेले. बाकावर बसले. उघड्या दारातून आतलं सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. साहेब वयानं बरेच लहान होते, वागायला वाईट नव्हते.

“अंकल, पैदाइश किधर की?”

“इधरच, हैदराबाद में. कोठी मोहल्ले में पैदा हुआ.”

“कोठी में पैदा हुए, और परसों बोले तो दो दिन पहले समझे?”

हा एकच प्रश्न होता आणि तो बरोबर जागी लागला होता. ही चूक हैदराबादी माणसाच्या हातून होऊच शकत नाही. ही चूक गडहिंग्लजची आहे, हे कळायला साहेबांना अजून एकच प्रश्न लागला असता.

काकांनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, “बुढापा है साब. समझ में नहीं आया.”

साहेब हसले. शेजारच्या टेबलावर हाक मारून म्हणाले, “अरे सुनो, अंकल कू परसों नहीं मालूम!” सगळे हसले. ज्यानं शब्दांवर जन्म काढला त्या माणसानं स्वतःची बोली येत नाही असं कबूल केलं, माझ्यासाठी, आणि लोक हसले. लिहिणाऱ्यानं जबाब लिहून विचारलं, “पढ के सुनाऊं?”

“नक्को,” काका म्हणाले. “दे, सही करतो.”

परत न म्हणता, न ऐकता त्यांनी सही केली. असं मी त्यांना एकदाच बघितलं.

येताना ऑटोत मी रडायला लागले. “रडू नक्को. ऑटोवाला बघतोय.” थोड्या वेळानं म्हणाले, “मला काय करणार ते? म्हाताऱ्याला समज देऊन सोडतात. तुला सोडलं नसतं.” मग बाहेर बघत, “एक कर. वाजिद सुटला की त्याला खरं काय ते सांग. पोलिसाला नक्को, गल्लीला नक्को. त्याला. हात त्याचा मोडलाय. कोणी मोडला ते त्याला मालूम पायजे.”

“जाईन काका.”

“कधी?”

“परवा.”

“कोणता परवा? तुझा का हैदराबादचा?”

“माझा.”

तो झाला हैदराबादचा.

समज देऊन सोडतील असं त्यांना वाटलं होतं, तसं झालं नाही. प्रकरण चालू राहिलं, आणि ठाण्यातून बाहेर पडतानाचा त्यांचा फोटो निघाला. मान खाली, चष्मा हातात. ‘अफवा पसरवणारा म्हातारा पकडला’ असं त्याखाली. ज्या ज्या ग्रुपवर वाजिदभाईंचा फोटो फिरला होता त्या त्या ग्रुपवर हाही फिरला, आणि पाठवणारी माणसं तीच होती. माझ्या डब्यांच्या ग्रुपवरही आला. हा नंबर कोणाचा, मूळ निरोप कोणी लिहिला, हे त्या ग्रुपवरच्या प्रत्येकाला माहीत होतं. कोणी काही लिहिलं नाही. पुढं पाठवणारे तेच होते ना. एकेक जण ग्रुपमधून निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा डबा न्यायला आला. ‘भाजी तिखट आहे आज,’ असं म्हणाला.

काकांनी पुढच्या महिन्यात बेगम बाजारात फोन लावला. धने, जिरं, सांगून झालं. “परत बोल,” म्हणाले. पलीकडून किराणावाला हसत म्हणाला, “साब, पहले आप बोलो, फॉरवर्डेड तो नहीं है ना?” त्याच्या दुकानातलं हसणं माझ्यापर्यंत ऐकू आलं. त्याच्या मनात वाईट नसेल. काकांनी फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी कोणालाही परत म्हणायला लावलं नाही. टाकीचं पाणी जाणार असलं तर दारात येऊन सांगायचे आणि निघून जायचे. मी मुद्दाम मोठ्यानं परत म्हणायची, “अकराला जाणार!” ते थांबायचे नाहीत.

मग पुण्याहून मुलगा आला. बापावर ओरडला, “बाबा, जन्मभर आम्हाला शिकवलंत आणि स्वतः हे?” मी पलीकडं भांडी घासत होते. भांडी घासतच राहिले. काका म्हणाले, “चुकलं.” एवढंच. मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. मला मात्र खोलीतून काढायचं नाही, हे त्यांनी मुलाकडून वदवून घेतलं. त्याच्याकडून परत म्हणवून घेतलं का नाही, ठाऊक नाही. खोली अजून आहे.

वाजिदभाई आता कोठीच्या बाजारात बसतात. रस्त्याच्या कडेला टेबल, त्यावर फोनची कव्हरं, आणि फोनवर काच चिकटवून देतात. लग्नाची कामं कोणी देत नाही, आणि मनगट पूर्ण वळत नाही, मोठा कॅमेरा पेलत नाही. काच चिकटवताना डाव्या हातानं फोन फिरवतात. हे मी बघितलंय. तीनदा गेले तिथवर. एकदा वळणावरूनच परतले, एकदा पुस्तकांच्या दुकानापाशी उभी राहिले, एकदा टेबलाच्या अगदी जवळ. तेव्हा त्यांनीच वर बघून हाक मारली, “आपा! कैसे हैं? रोटियां चालू है ना?” मी म्हटलं, हो. त्यांनी कोणाला तरी सांगावं तसं सहज सांगितलं, “वो बुड्ढे ने मेरेकू बरबाद किया आपा. और मैं उनो कू सलाम करता था रोज.” मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. कव्हर घेतलं एक.

पुण्याहून काकांचा फोन यायचा, बटणांच्या फोनवरून. विचारायचे एकच. “गेलीस का?”

“परवा जाईन काका.”

“कोणता परवा?”

आणि फोन ठेवायचे. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

दोन महिने झाले, फोन आला नाही. मी केला तर मुलानं उचलला. म्हणाला, त्यांना आता अजिबात ऐकू येत नाही, मेसेज करत जा. काका मेसेज वाचणार नाहीत. कागद वाचतात. म्हणून हे कागदावर लिहिलंय. माझं लिहिणं नववीचं आहे, चुका असतील, त्या त्यांनी लाल पेनानं काढाव्यात.

काका, तुम्ही सांगितलं होतं ते परत म्हणते. वाजिदभाईंकडं जायचं. पोलिसाला नाही, गल्लीला नाही, त्यांनाच सांगायचं. फोटो मी काढला, निरोप मी लिहिला, परसों मला कळला नाही, आणि मी विचारलं नाही. अंगठा तुमचा होता, बोलणं माझं होतं. मग ते जे करतील ते करतील, खोली राहिली तर राहिली. बरोबर आहे का?

आज मंगळवार. हा कागद उद्या टपालात पडेल. मी परवा जाईन. माझा परवा, काका. गुरुवार.